बनावट आणि बनावटीचं

जोतिबाच्या चैत्र यात्रेला मी दोन दिवस शाळा बुडवली आणि तिसऱ्या दिवशी इंग्रजीच्या बाईंच्या हातात चिठ्ठी दिली. साल १९८७, मी आठवीत. चिठ्ठी मीच लिहिलेली, खाली वडिलांची सहीही मीच ठोकलेली. नुसता ताप लिहिला असता तर भागलं असतं. पण मी वळवाच्या पावसात भिजलो, ताप १०३ वर गेला, रात्री बैलगाडीतून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या दिल्या, असा सगळा थाट केला होता.

बाईंनी चिठ्ठी वाचली आणि माझा कान जरा पुढं वाकवला. कानामागं गुलाल होता.

ओरडल्या नाहीत. फळ्यावर ‘फॅब्रिकेट’ असा इंग्रजी शब्द लिहिला आणि म्हणाल्या, “अर्थ सांग.”

“लोखंडी गेट बनवणं, बाई.”

वर्ग खो खो हसला. माझं काय चुकलं तेच मला कळेना. उद्यमनगरात मामांच्या दुकानावर ‘फॅब्रिकेशन वर्क्स’ अशी पाटीच होती की!

“हसू नका, बरोबर सांगितलंय त्यानं,” बाई म्हणाल्या. “आणि इथंही त्यानं तेच केलंय.” मग लाल पेनानं चिठ्ठीत चार खुणा केल्या : पाऊस, ताप, बैलगाडी, गोळ्या. “काल आजारी होतो, एवढंच म्हणाला असता तर ते नुसतं खोटं बोलणं झालं असतं. हे सुटे भाग आणून, मापात कापून, जोडून उभं केलेलं खोटं आहे. पुढं स्टोरी किंवा एव्हिडन्स आलं की फॅब्रिकेटचा अर्थ हा घ्यायचा. स्टील आलं तर मामांचा.”

शिक्षा म्हणून मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसून जाडजूड डिक्शनरीतून तो शब्द उतरवायचा होता. माझ्या आयुष्यातली एवढी एकच शिक्षा मला आवडली. लॅटिनमध्ये ‘फाबेर’ म्हणजे कारागीर. कापडाला म्हणतात तो ‘फॅब्रिक’ त्याच घरातला. ‘फोर्ज’ हा शब्दसुद्धा फ्रेंचमधून फिरून तिथूनच आलेला. त्याचा अर्थ लोहाराची भट्टी आणि खोटी सही करणंही. म्हणजे माझ्या चिठ्ठीत दोन्ही सख्खे भाऊ एकदम हजर होते.

आपल्या मराठीत तरी काय वेगळं आहे? भारतीय बनावटीची तोफ म्हटलं की छाती फुगते, बनावट नोट म्हटलं की पोलीस येतात. आई लाडू बनवते आणि दोस्त आपल्याला बनवतो. कविता रचतात, कुभांडही रचतात. खोट्यालाही कारागिरी लागते हे दोन्ही भाषांना ठाऊक दिसतंय. कायद्यालाही ठाऊक आहे : १८६० च्या दंड संहितेत खोटी साक्ष देणं कलम १९१ मध्ये होतं आणि खोटा पुरावा रचणं वेगळं, १९२ मध्ये. इंग्रजी मसुद्यात तिथं ‘फॅब्रिकेट’ हाच शब्द. नव्या न्याय संहितेतही ही दोन कलमं शेजारी शेजारीच आहेत, २२७ आणि २२८.

पुढं मी मामांच्याच धंद्यात शिरलो. अँगल कापायचा, गुण्यात, म्हणजे काटकोनाच्या मापात धरायचा, आधी नुसते टाके मारायचे, कर्ण मोजून बघायचे आणि मगच पक्का वेल्ड. टाके घाईत मारले तर गेट तिरकं होतं आणि ग्राइंडर कितीही फिरवला तरी ते लपत नाही. गुलालासारखंच.

निवृत्तीनंतर बाई एकदा खिडकीच्या जाळीसाठी दुकानात आल्या. चहा सांगितला, पण त्या बाहेरच थांबून माझी इंग्रजी पाटी वाचत होत्या.

“अरे, यात बीनंतरचा आर कुठाय?”

दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावला. मधे जागाच नव्हती, त्यामुळं तो आर आजही बाकीच्या अक्षरांत अंग चोरून उभा आहे.