झोआवरचा तपकिरी शेंबूड: डायनोच निघाले, तेही दोन जातींचे

मागच्या नोंदीत घरच्या समुद्री टँकमधल्या झोआंच्या (पुंजक्याने वाढणाऱ्या, कोरलसारख्या मऊ जीवांच्या) मॅटवरचा तपकिरी थर सायनो (सायनोबॅक्टेरिया) ठरवला होता. ते निदान मागे. अंबाल्याच्या साध्या विद्यार्थी मायक्रोस्कोपखाली 400 पटीत स्लाइड लावली आणि अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं. थेंबाच्या आकाराच्या पेशी, निमुळत्या टोकाशी दोरी बांधल्यासारख्या, जागच्या जागी भोवऱ्यासारख्या गरगरणाऱ्या. म्हणजे ऑस्ट्रिओप्सिस, एक डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव). सायनोच्या नुसत्या तारा दिसतात, भोवरे दिसत नाहीत.

नमुना घेण्याची वेळ महत्त्वाची. सकाळी लाइट लागायच्या आत घेतला तर स्लाइड जवळजवळ रिकामी येते, कारण हे जीव रात्री कोरल सोडून पाण्यात पसरतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास, शेंबडाच्या धाग्यांना बुडबुडे लटकलेले असताना, पिपेटने मॅटच्या कडेचा 2-3 मिली थर ओढायचा. मायक्रोस्कोप नसेल तर कॉफी फिल्टरची चाचणी आहेच. नमुना टँकच्या पाण्यात जोरात हलवायचा, फिल्टर पेपरमधून गाळायचा आणि खाली आलेलं पाणी काचेच्या ग्लासात उजेडात ठेवायचं. तासाभरात त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा तपकिरी धागे जमले तर डायनो. डायटम (सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शेवाळं) असे परत जमत नाहीत. टिश्यू पेपर वापरू नका, तंतू सुटतात आणि तेच धागे वाटतात.

टँक तोच: संपसह (खालच्या फिल्टर टाकीसह) निव्वळ 180 लिटर, ड्राय रॉकवर (कोरड्या, निर्जीव खडकावर) उभा केलेला, पूर्ण सॉफ्टी, म्हणजे फक्त मऊ कोरल. झोआ, मशरूम, टोडस्टूल, जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप). (दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा ‘एखादा हॅमर (दगडी कोरल) लावा की’ म्हणणाऱ्यांना उत्तर तेच: नाही.) दोन ट्रोकस गोगलगायी मेल्या होत्या त्याचाही आता उलगडा होतो. ऑस्ट्रिओप्सिस विषारी असतो आणि चरणाऱ्या गोगलगायी सगळ्यात आधी मरतात. 2005 च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोवाच्या किनाऱ्यावर याच कुळातल्या जातीचा बहर आला, तेव्हा नुसत्या हवेतल्या तुषारांनी सुमारे 200 जणांना दवाखाना गाठावा लागला होता. त्यात झोआंचं स्वतःचं पॅलिटॉक्सिन, तेही जहाल विष. म्हणून फ्रॅग (कोरलचा तुकडा) पाण्याबाहेर काढून टूथब्रशने घासायचा उद्योग बंद. जे काही घासायचं ते पाण्याखाली, हातमोजे आणि चष्मा घालून. संपमध्ये विष शोषायला 200 ग्रॅम कार्बन, दर पाच दिवसांनी बदलून.

औषधाबद्दल एकदाच सांगून टाकतो. कोरलच्या पेशींत राहून त्याला पोसणारे झूझँथेली हेही डायनोफ्लॅजेलेटच. कोकणात थंडीत लाटा निळ्या चमकवणारा नॉक्टिल्युकाही त्याच गोतावळ्यातला. तेव्हा ‘डायनो मारतं, कोरलला धक्का लागत नाही’ असं छापलेली बाटली दिसली की ती परत फडताळात ठेवावी. पेरॉक्साइडचा डिप झोआंना तात्पुरता आराम देतो. पण आपल्या मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा 6 टक्क्यांचं असतं, परदेशी कृतींमधलं 3 टक्क्यांचं. माप निम्मं करा. अर्धा लिटर टँकच्या पाण्यात 25 मिली, पाच मिनिटं, मग साध्या टँकच्या पाण्यात खळबळून परत. क्लीनर श्रिंप असलेल्या टँकमध्ये थेट ओतू नये.

आता यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील दिव्यासमोरून नेणं. 18 वॉटचा दिवा तीन आठवडे चालू होता आणि फरक शून्य. दिवा ठीक होता, जोडणी चुकली होती. तो संपमध्ये होता, 2000 लिटर-तासाच्या पंपावर. यात दोन घोळ. एक म्हणजे पाणी दिव्यासमोरून इतकं भर्रकन जातं की पेशीला पुरेसा डोस बसत नाही. दुसरा मोठा: रात्री पेशी सुटतात त्या डिस्प्लेमध्ये (वरच्या मुख्य टँकमध्ये), आणि संपपर्यंत त्यातल्या थोड्याच पोचतात. ढोबळ नियम असा की दर 10-11 लिटरला 1 वॉट, आणि तासाला टँकच्या एक ते तीन पट प्रवाह. त्या हिशेबाने 18 वॉट पुरेसा होता. पंप 400 लिटर-तासाचा केला, आत-बाहेरच्या दोन्ही नळ्या थेट डिस्प्लेमध्ये सोडल्या, इनटेक झोआंच्या खडकाजवळ आणि आउटलेट दुसऱ्या टोकाला. यूव्ही 24 तास चालू. सोबत तीन दिवसांचा ब्लॅकआउट: काळं कापड चारी बाजूंनी, एअरस्टोन चालू, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू. ब्लॅकआउट एकटा केला तर चौथ्या आठवड्यात सगळं परत येतं. त्याचा उपयोग एवढाच की पेशी पृष्ठभाग सोडून पाण्यात येतात आणि यूव्हीच्या तावडीत सापडतात.

सहाव्या दिवशी झोआ उघडले. नवव्या दिवशी मॅटवर एकही धागा नाही, टोडस्टूलने कात टाकून पॉलिप बाहेर काढले, स्लाइडवर ऑस्ट्रिओप्सिस शोधावा लागतो. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा जांभळ्या झोआंचा हिरवा घेर नीट दिसला.

यूव्ही दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झ स्लीव्हवर पंधरा दिवसांत पांढुरकं कीट चढतं. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तासभर बुडवून पुसा, नाहीतर दिवा जळतोय आणि डोस मात्र घटलेला. स्वस्तातल्या सबमर्सिबल यूव्हीत स्लीव्हचं सील आधी तपासा. आत ओल दिसली तर प्लग काढा आणि तो भंगारात द्या, दुरुस्तीच्या नादी लागू नका.

हे सगळं मूळ कारण सोडून. मूळ कारण नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) रिॲक्टर आणि जबरदस्त स्किमिंगने टँक इतका धुतला गेला की डायनोशी जागेसाठी भांडणारी शेवाळं आणि जिवाणू उपाशी राहिले. रान मोकळं मिळालं. जीएफओ काढला, स्किमर रात्रीपुरता. पाणी बदलणं बंद, कारण ताज्या मिठातले ट्रेस घटक डायनोंनाच आधी फळतात.

नायट्रेटसाठी पोटॅशियम नायट्रेट. लॅब ग्रेड उत्तम. नाहीच मिळालं तर कृषी सेवा केंद्रातलं ठिबकचं 13-0-45 चालतं, फक्त पाकिटावर सूक्ष्म अन्नद्रव्यं लिहिलेली नकोत. त्यात तांबं आणि जस्त असतं, आणि तांब्याने श्रिंपचा निकाल लागतो. 30 ग्रॅम पावडर आरओ-डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवून अर्धा लिटर द्रावण. त्याचे 5 मिली म्हणजे 180 लिटरमध्ये सुमारे 1 पीपीएम नायट्रेट. रोज 10 मिली देऊन पाच दिवसांत 8 वर आलं. सॅलिफर्टच्या नायट्रेट किटची बाटली बाजूने बघून दहाने भागायचं विसरू नका, नाहीतर 80 वाचून घाबराल.

फॉस्फेट मात्र हट्टी. 0-52-34 (पोटॅशियम फॉस्फेट खत) चं 1 ग्रॅम अर्ध्या लिटरमध्ये, त्याचे 6.5 मिली म्हणजे 0.05 पीपीएम. रात्री घातलं, तासाने मोजलं, 0.05. सकाळी शून्य. पुन्हा घातलं, पुन्हा शून्य. असं अकरा दिवस. फॉस्फेट मोजणारा चेकर बिघडला असं वाटेल, पण फॉस्फेट गिळतो तो ड्राय रॉक. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवतं आणि खडक भरेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. इथे वैतागून एकदम दहापट डोस टाकायचा मोह होतो. टाळा. दिवसातून दोनदा तोच डोस केला आणि बाराव्या दिवशी सकाळचं रीडिंग 0.03 टिकलं. आता 0.06. हॅना कंपनीचा फॉस्फरस मोजणारा चेकर असेल तर पीपीबीतला आकडा 3.066 ने गुणून हजाराने भागायचा. आकडा तसाच लिहिणारे दर महिन्याला गोंधळ घालतात.

इथवर विजयाची नोंद झाली असती. पण गेल्या मंगळवारी वाळूवर तपकिरी सावली दिसली, दुपारी गडद आणि रात्री फिकट. यूव्ही चालूच, झोआ स्वच्छ, फक्त वाळू आणि खालच्या ओळीतल्या मशरूमच्या कडा. स्लाइडवर वेगळाच गडी: लंबगोल, पुढे बारीक चोच, भोवरा नाही, संथ सरकत जाणारा. मोठ्या पेशीचा अँफिडिनियम. हा रात्री पाण्यात येत नाही, वाळूत शिरतो. यूव्हीला तो सापडणारच नाही. म्हणजे पहिल्यापासून दोघं होते, ऑस्ट्रिओप्सिसच्या गर्दीत हा झाकला गेला होता. पुढच्या वेळी एका स्लाइडवर समाधान न मानता तीन जागांचे नमुने घ्यायचे: कोरल, काच, वाळू.

अँफिडिनियमवरचा चालणारा उपाय म्हणजे सिलिकेट देऊन डायटम वाढवायचे आणि त्यांना वाळू बळकावू द्यायची. बेत होता सोडियम सिलिकेट आणायचा. लिहिता लिहिता सुचलं की दख्खनच्या बसाल्टातल्या बोअरच्या पाण्यात सिलिका भरपूर, मग टॉप-अपला (वाफ झालेल्या पाण्याची भर टाकायला) डीआय काढून नुसतं आरओ वापरलं तर? मोह सोडला. मेंब्रेनमधून किती सिलिका निसटते ते मोजल्याशिवाय कळत नाही, आणि घरच्या आरओला टीडीएस (विरघळलेले क्षार) कमी-जास्त करायची खुंटी असेल तर कच्चं पाणी सरळ मिसळतं, सोबत नळाचं तांबंही. तेव्हा बाटलीच. बाजारातल्या दाट द्रावणात मिलीलिटरला साधारण 0.4 ग्रॅम सिलिका धरायची (लेबल बघा). 10 मिली काढून एक लिटर करायचं, त्याचे 45 मिली म्हणजे 180 लिटरमध्ये 1 पीपीएम. रोज 20-22 मिली, वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी थेंबथेंब. एकदम ओतलं तर पांढरा साका होतो. सिलिकेट मोजायचं किट आधी, बाटली नंतर.

तोवर एक दिवसाआड वाळूचा वरचा सेंटिमीटरभर थर सायफन करतो आहे. पाणी फेकायचं नाही, म्हणून नळी किचन आरओच्या 5 मायक्रॉन स्पन कार्ट्रिजच्या भांड्यातून छोट्या पंपाने फिरवून पुन्हा टँकमध्ये. कार्ट्रिज शे-दीडशेचं, दोन सायफननंतर कॉफीच्या रंगाचं होतं, फेकून द्या. फिल्टर सॉकच्या नावाखाली विकलं जाणारं 200 मायक्रॉनचं कापड या कामाला निरुपयोगी, पेशी आरपार जातात.

यूव्ही चालूच राहील. रात्री वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर आणणारा), मग यूव्ही, लाइट शेवटी. सिलिकेटचा पहिला डोस रविवारी, सकाळचं फॉस्फेट 0.05 च्या खाली नसेल तर.