फेमला ‘बिग’ का चालत नाही

वरोरा तालुक्यातल्या एका गावात मी इंग्रजी शिकवते. वक्तृत्व स्पर्धेसाठी नववीतल्या एका मुलीनं बाबा आमट्यांवर इंग्रजीत भाषण लिहून आणलं. त्यातलं दुसरंच वाक्य होतं, ‘बाबा आमटे गॉट बिग फेम अँड नोटोरायटी इन होल वर्ल्ड.’

आनंदवन उभं करणाऱ्या माणसाला नोटोरायटी! म्हणजे कुख्याती. पण पोरीचा काय दोष? तिच्या गाईडमध्ये त्या शब्दापुढे नुसतं ‘प्रसिद्धी’ छापलंय. एका शब्दापुढे एक अर्थ, अशा याद्यांनी मुलांचं फार नुकसान होतं, हे मी दरवर्षी बघते.

नोटोरायटी तिनं लगेच खोडलं. अडलं ते ‘बिग’पाशी.

‘‘मॅडम, प्रसिद्धी मोठी असते नं? मंग बिग काऊन नाही चालत?’’

व्याकरणाच्या पुस्तकात याला उत्तर नाही. मी वर्गाला विचारलं, ऊन कसं? ‘‘रणरणतं!’’ थंडी? ‘‘कडाक्याची!’’ मग रणरणती थंडी का नाही म्हणत? वर्ग हसत सुटला. या जोड्या त्यांना कुणी शिकवल्या नव्हत्या, कानावर पडून पक्क्या झाल्या होत्या. इंग्रजी आमच्या गावात कानावर पडत नाही, म्हणून तिथल्या जोड्या फळ्यावर मांडाव्या लागतात.

नाव किती दूर गेलं, किती टिकलं, हे फेमच्या विशेषणातून कळतं : वर्ल्डवाइड, इंटरनॅशनल, लास्टिंग, इन्स्टंट. रेप्युटेशन म्हणजे लोकांचं आपल्याबद्दलचं मत, म्हणून ते गुड, बॅड, सॉलिड, एक्सलंट. अक्लेम म्हणजे कामाची वाहवा. ती कुणी केली हे पुष्कळदा आधीच्या शब्दात येतं : पब्लिक अक्लेम, क्रिटिकल अक्लेम. (हा क्रिटिकल समीक्षकांचा, दवाखान्यात ‘पेशंट क्रिटिकल आहे’ म्हणतात तो नव्हे.)

‘‘मंग बाबांले अक्लेमच पाहिजे,’’ ती म्हणाली, ‘‘त्यायच्या कामाले मिळालं नं.’’ १९८५चा मॅगसेसे पुरस्कार तिच्या भाषणात होताच. गॉटच्या जागी वन (‘विन’चा, म्हणजे जिंकण्याचा भूतकाळ) मी सुचवलं, बाकी वाक्य तिचं : ‘बाबा आमटे वन इंटरनॅशनल अक्लेम फॉर हिज वर्क विथ लेप्रसी पेशंट्स.’ मला अतिशय आनंद झाला. शब्द तिनं अर्थ तोलून निवडला होता.

तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, ‘‘नोटोरायटी अवनीले द्या नं मॅडम.’’ अवनी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८मध्ये गोळी घालून मारलेली वाघीण. माणसं मारल्याचा ठपका तिच्यावर होता. नॅशनल नोटोरायटी, जोडी अगदी बरोबर. पण खिडकीजवळची मुलगी उठली. ‘‘तिचे बछडे होते. नोटोरायटी काऊन? फेम म्हणा.’’ इकडे गुरं चारायला जंगलाकडे जाणाऱ्यांची पोरं चिडली. वर्गात दोन तट पडले.

‘नॅशनल फेम’ आणि ‘नॅशनल नोटोरायटी’ अशी दोन वाक्यं मी फळ्यावर लिहिली. इंग्रजी दोन्हीचं बिनचूक होतं. कोणतं वहीत उतरवायचं ते ज्याचं त्यानं ठरवलं.