तुम्ही विचारलंत म्हणून: जिवलग मैत्रिणीचा हेवा

ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका माप देता देता विचारतात, "अक्का, तुम्ही दोघी एका गल्लीतल्या, एकाच धंद्यातल्या, एवढ्या जिवलग. तुम्हाला तिचा कधी हेवा वाटला नाही का? आणि वाटला असला तर तो गेला कसा?" विचारणारीच्या मनातही बहुतेक वेळा कुणीतरी मैत्रीण असते, हे तिच्या आवाजावरून कळतं. म्हणून आज सवडीनं लिहिते.

वाटला. बराच काळ वाटला.

आम्ही बेळगावच्या वडगावातल्या. मागांच्या खडखडाटात वाढलो, शिवणही एकाच बाईंकडे शिकलो. पुढं ती आरी वर्क शिकली, म्हणजे आकड्याच्या सुईनं कापडावर धागा-मणी भरायचं काम. तुळशीचं लग्न झालं की तिच्याकडे नवरीच्या ब्लाउजांसाठी माणसं यायला लागली, खानापूरची, चंदगडची, पार गोव्याची. माझ्याकडे फॉल-पिको आणि साधे अस्तराचे ब्लाउज. तिच्या दारात चपलांचा ढीग दिसला की माझा दिवस कडू व्हायचा. माझ्यासमोर कुणी तिच्या कामाचं कौतुक काढलं की मी विषय बदलायची.

पण तिनं घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला मी पहाटेपासून राबले होते, आणि आनंदानं. तिच्या मुलाला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा गल्लीत पेढे मीच वाटले. मग ब्लाउजापाशीच का दुखावं? माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं मला अब्राहम टेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं समजावून सांगितलं. ज्या गोष्टीवर आपण स्वतःची किंमत ठरवतो, त्याच गोष्टीत जवळचं माणूस पुढं गेलं की ते जास्त लागतं. बाकी बाबतीत त्याच माणसाच्या यशानं आपली मान ताठ होते. टेसर आणि स्मिथ यांनी १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात शब्द ओळखण्याच्या खेळात समोरच्याला सूचक शब्द द्यायचे होते. खेळ क्षुल्लक आहे असं सांगितलं तेव्हा लोकांनी मित्राला सोपे शब्द दिले. यात तुमची हुशारी दिसते असं सांगितलं, तेव्हा परक्यापेक्षा मित्रालाच अवघड शब्द दिले गेले! हे ऐकून माझ्या मनावरचा मोठा भार उतरला. मी दुष्ट नव्हते. मला माझं शिवण फार प्रिय होतं, दुखत होतं ते तिथं.

सल्ले खूप मिळाले. त्यातला एक सगळेच देतात: "तिलाही दुःखं असतील की, ती बघ, म्हणजे बरं वाटेल." हा सल्ला मला आजही पटत नाही. मैत्रिणीचं दुःख हुडकून मिळवलेली शांती कसली? आणि तिचं दुःख सरलं की पुन्हा आपली झोप उडणार. आमच्या योगवर्गात पतंजलींचं एक सूत्र शिकवलं होतं, पहिल्या पादातलं तेहतिसावं. चित्त प्रसन्न राहावं म्हणून त्यात चार भाव सांगितलेत. त्यातला पहिला सुखी माणसाविषयी मैत्रीचा. दुःखी माणसाविषयी करुणा त्याच्यानंतर येते. मला वाटतं, रडणाऱ्याजवळ बसायला आपण घरातच शिकतो. सुखी माणसाजवळ बसायला मुद्दाम शिकावं लागतं.

मग मी तिच्याजवळ जाऊन बसायला लागले, अगदी शब्दशः. लग्नसराईत दुपारी, कापड ताणून बसवलेल्या तिच्या फ्रेमपाशी. आरीची सुई वरून दिसते, धागा मात्र कापडाखालच्या डाव्या हातात असतो. तो हात न बघता दर टाक्याला सुईच्या आकड्यात धागा देत राहतो. लांबून मला फक्त तिची गिऱ्हाइकं दिसत होती, हा हात दिसत नव्हता. एकदा तिनं भरलेला ब्लाउज मी शिवायला घेतला. मण्यांवर मशिनची सुई आली की तुटते, म्हणून शिवणीच्या जागेतले मणी आम्ही आधी फोडून काढतो. यात फोडायला एकही मणी नव्हता. शिवण कुठून जाणार हे ओळखून तिनं कडेकडेनं जागा कोरी सोडली होती, बाहीच्या गोलाईतसुद्धा. नक्षी तरी कुठं तुटल्यासारखी दिसत नव्हती. शिवणारणीचा एवढा विचार करणारं काम मी दुसरीकडे पाहिलं नाही. त्या दिवशी ती माझ्यापेक्षा सरस आहे हे मला मान्य झालं, आणि आश्चर्य म्हणजे ते मान्य करताना त्रास झाला नाही. त्यानंतर गिऱ्हाइकांना मी तिचं काम उलगडून दाखवायला लागले. नुसतं "छान करते" म्हणून नाही, कुठला टाका का चांगला हे सांगत.

अजून कधी टोचतं का? टोचतं. विशेषतः माझा हंगाम मंदा असला की. तेव्हा मी तिच्याकडे जाणं टाळत नाही, एवढंच.

शेवटी बायका विचारतात, "तिला सांगितलंत का हे?" सांगितलं. ती हातातली सुई न थांबवता म्हणाली, "ठाऊक होतं मला गे. तू यायची बंद झालीस तवाच कळलं." मग चहा ठेवायला उठली. पण प्रत्येकीनं सांगावंच, असं मी म्हणणार नाही. मन निवल्यावर सांगितलं म्हणून आमचं निभावलं. जळत असताना सांगितलं असतं, तर तिनं दारातल्या चपला माझ्या नजरेआड ठेवायला सुरुवात केली असती, आणि ते मला सोसलं नसतं.