४८ आकडे, फोनवरून

१९ जुलै २०२४, शुक्रवार. पुण्याच्या आमच्या ऑफिसात शुक्रवारी निम्मी माणसं घरून काम करतात. पावणेदहाच्या सुमारास पहिला फोन आला, "मॅडम, स्क्रीन निळी झालीये आणि लॅपटॉप सारखा रीस्टार्ट होतोय." पुढच्या काही मिनिटांत हेल्पडेस्कच्या सगळ्या लाइन्स भरल्या.

लॅपटॉपांवरच्या क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट आपल्या घड्याळाप्रमाणे ९.३९ ला सुटला होता. १०.५७ ला तो मागे घेतला गेला, पण तोवर ज्या मशीननं तो उचलला, ते विंडोज चालू होता होताच कोसळत होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं जगभरात अशी ८५ लाख यंत्रं होती. विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. आमच्याकडे ज्यांनी लॅपटॉप अकरानंतर उघडले, ते सुटले.

उपाय एवढासाच होता. विंडोजच्या रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या मोडमध्ये शिरून कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी) उघडायचा आणि नावात २९१ असलेली एक फाइल उडवायची. पण आम्हा आयटीवाल्यांचं सगळं काम चालतं दुरून: पॉलिसी, अपडेट, लॉक, वाइप (सगळं पुसणं). विंडोजच उठत नसेल तर यातलं काहीही त्या मशीनपर्यंत पोचत नाही. तिथं माणसाचीच बोटं लागतात. त्यात डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनचं कुलूप, आणि ते उघडायला ४८ आकड्यांची रिकव्हरी की. प्रत्येक लॅपटॉपची निराळी.

साडेअकराला एक विभागप्रमुख टेबलाशी आले. "मॅडम, सगळ्या की एका एक्सेलमध्ये टाका आणि ग्रुपवर सोडा. तासाभरात मोकळे होऊ." क्लायंटचा कॉल त्यांच्या डोक्यावर होता, त्यांची घाई खोटी नव्हती. तरी मी नाही म्हटलं. लॅपटॉप रिक्षात राहिला, चोरीला गेला, तर आतल्या पगारपत्रकांच्या आणि चोराच्या मध्ये ही एकच की उभी असते. ग्रुपवर गेलेली यादी किती फोनांत राहील, कोण नोकरी सोडताना घेऊन जाईल, कुणी सांगावं? एचआरच्या नोंदीतल्या नंबरावर आपणच फोन करायचा, स्क्रीनवरच्या की-आयडीची (त्या कीच्या ओळख-क्रमांकाची) पहिली आठ अक्षरं जुळवायची, मगच की वाचायची, असं ठरलं. ते नाराज होऊन गेले.

त्या कीचे आठ गट असतात, प्रत्येकात सहा आकडे. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला की बहुतेक वेळा चूक त्याच गटात पकडली जाते. सुरुवातीला आम्ही जोडीनं वाचत होतो, पण एकोणसाठ आणि एकोणसत्तरनं घात केला. मग एकेक आकडा सुटा.

अकाउंट्समधली एक मुलगी कराडला माहेरी होती. घरात रेंज नाही, बाहेर पाऊस. ती पडवीत फोन घेऊन उभी आणि लॅपटॉपसमोर तिचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर. मी सहा आकडे सांगायचे, ती ओरडून आत पोचवायची आणि काका टाइप करून खणखणीत आवाजात परत वाचून दाखवायचे. आठही गट पहिल्या फटक्यात बसले. त्यानंतर मी टीमला सांगितलं, समोरच्याकडून प्रत्येक गट परत वाचून घ्या. फोन भराभर संपायला लागले.

की शेजारीपाजारी ऐकू गेली याची चिंता नव्हती. मशीन उठून नेटवर्कवर आलं की आम्ही लगेच की रोटेट करत होतो, म्हणजे जुनी बदलून नवी लावत होतो; वाचलेले आकडे त्यानंतर निकामी.

दुपारी एकानं विचारलं, "ताई, दुरुस्तीची झिप फाइल मिळालीये, चालवू का?" माझ्या पोटात गोळा आला. खोट्या दुरुस्तीच्या फाइल्स त्याच दिवसापासून फिरू लागल्या होत्या. सगळ्यांना मेसेज गेला: आमच्या फोनशिवाय काहीही चालवू नका.

काही लॅपटॉप नुकत्याच विलीन झालेल्या कंपनीतून आले होते, त्यांच्या कींची नोंदच नव्हती. ते कोरे करून नव्यानं उभे करावे लागले. फाइल्स वनड्राइव्हवर, म्हणजे क्लाउडवर होत्या, तेवढं बरं.

रात्री उशिरापर्यंत बहुतेक मशीन उठली. सोमवारी आधी रोटेशनचा रिपोर्ट काढला. काही लॅपटॉप दुरुस्तीनंतर ऑनलाइन आलेच नव्हते, म्हणजे त्यांच्या वाचून दाखवलेल्या की अजून जिवंत होत्या. त्यांना फोन लावायला बसले.