उतरलेला खांदा

परवा दुपारी कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका बोळात शिंप्याकडे शर्टाचे माप द्यायला गेलो होतो. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टेप नेता नेता तो थबकला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाला, "उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय तुमचा. कसलं वझं वाहतासा काय?" मी पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिले आणि गप्प राहिलो.

त्या बॅगेत एक कॅमेरा, चोवीस-सत्तर मिलिमीटरची लेन्स, एकटीच दीड किलो भरणारी सत्तर-दोनशेची दूरचे टिपणारी लेन्स, चार्जर, बॅटऱ्या आणि बुरशीच्या धास्तीने ठेवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या असा संसार असतो. बॅगेचे स्वतःचे वजन धरले तर सगळे साडेचार किलोंच्या घरात जाते. तो वाहण्यासाठी सोयीची बॅग मी गेली कित्येक वर्षे शोधतो आहे.

दुकानात टांगलेली कोणतीही रिकामी बॅग खांद्याला सुखाचीच वाटते, म्हणून मी माझे सगळे सामान घेऊन दुकानात जातो, बॅग भरतो आणि बाहेरच्या रस्त्यावर पंधरा मिनिटे फेऱ्या मारतो. (एका दुकानदाराने माझ्या मागे पोऱ्या पाठवला होता, त्याचेही बरोबरच होते.) पहिली पाच मिनिटे प्रत्येक पट्टा गुणी असतो, पट्टा अरुंद असेल तर दहाव्या मिनिटाला तो मानेकडे सरकू लागतो, आणि आपण चपलेचा अंगठा नीट करायला वाकलो की बॅग पुढे झेपावून गुडघ्यावर आदळते. पट्टा छातीवरून आडवा घेतला तर बॅग घसरत नाही, वजनही अंगालगत राहते, परंतु कॅमेरा काढण्यासाठी तिला पाठीवरून पोटावर आणावे लागते आणि वयपरत्वे हा प्रवास लांबत चालला आहे. पाठीवरची बॅग दोन्ही खांद्यांना न्याय देते हे मला मान्य आहे. पण जुलैत पंचगंगेच्या घाटावर ती उतरवून ठेवायची कुठे? चिखलात?

वेल्क्रोविषयी तर मी बोलूच नये. रंकाळा तलावावर एका सकाळी काठाच्या गवतात एक बगळा अर्धा तास माझ्यासाठीच उभा असल्यासारखा होता. लेन्स बदलावी म्हणून मी बॅगेचे झाकण उघडले आणि जुने धोतर फाडावे तसा तो आवाज झाला. बगळा गेलाच, शेजारच्या बाकावर डोळे मिटून बसलेले आजोबाही दचकून उठले. तेव्हापासून मी बक्कल असलेलीच बॅग पाहतो.

मामांच्या क्लिक थ्री या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याला असले काही लागत नसे. तपकिरी चामड्याची पेटी आणि बोटभर रुंदीचा पट्टा, एवढाच तिचा थाट. एका रोलमध्ये १२ फोटो निघत, आणि त्या बारांत अख्खी पन्हाळ्याची सहल बसवावी लागे. ती पेटी गळ्यात अडकवण्यावरून आम्हां भाच्यांत भांडणे होत, म्हणून मामांनी पाळ्या लावून दिल्या होत्या. तीन दरवाजापासून अंबरखान्यापर्यंत माझी पाळी असे. मी एक हात पेटीवर ठेवून, कोणाचा धक्का लागू न देता, वरातीतल्या नवऱ्यासारखा चालत असे, आणि पाळी संपली की मुद्दाम चार पावले पुढे जाऊन मगच पट्टा काढत असे.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. मूकपटांच्या काळातले चित्रपटकार बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास याच गावात चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः घडवला. तिथून जाताना मला नेहमी एकच हलका प्रश्न पडतो, की तो कॅमेरा आणि त्याची तिकाटणी चित्रीकरणाच्या जागी कोणाच्या खांद्यावरून जात असेल, आणि त्या माणसाच्या सदऱ्याचे माप घेताना शिंपी काय म्हणाला असेल?

आमच्या शिंप्याने मात्र उपाय सुचवला. उजव्या खांद्यात आतून अर्ध्या इंचाची गादी घातली की दोन्ही बाजू सारख्या दिसतील, असे तो म्हणाला. जी गादी मी इतकी वर्षे पट्ट्यात शोधत होतो, ती शर्टात मिळणार होती. मी हो म्हणालो. मग बॅग उचलली, क्षणभर विचार करून डाव्या खांद्याला अडकवली, आणि दाराबाहेर पडेपर्यंत ती घसरून कोपरात आली होती.