तुम्ही विचारलंत म्हणून: बग शून्य म्हणजे क्वालिटी का?

सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस भेटला की हा प्रश्न हमखास येतो. नवीन रुजू झालेली मुलं विचारतात, मॅनेजर विचारतात, कधी क्लायंटही विचारतो: "क्वालिटी, क्वालिटी म्हणता, ती नेमकी असते तरी काय? सगळे बग मिटले की झाली का क्वालिटी?" चहाच्या वेळेत याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रॅकरवर, म्हणजे बगची (सॉफ्टवेअरमधल्या चुकांची) नोंद असते तिथे, ओपन बग शून्य दिसले, तर त्यावरून एवढंच कळतं की जे सापडले ते मिटले. जे कुणी शोधलेच नाहीत ते त्या आकड्यात येत नाहीत. २०० टेस्ट केस (आधी लिहून ठेवलेल्या तपासण्या) आणि २०० पास, याचंही तसंच. त्या २०० मध्ये काय नव्हतं, हे विचारल्याशिवाय तो आकडा काहीच बोलत नाही.

व्याख्या बऱ्याच आहेत. क्वालिटीचे तज्ज्ञ फिलिप क्रॉसबी म्हणायचे, ठरवून दिलेल्या गरजांप्रमाणे वस्तू झाली की क्वालिटी आली. त्याच क्षेत्रातले जोसेफ जुरान म्हणायचे, वापरणाऱ्याच्या कामाला ती योग्य असली पाहिजे. सॉफ्टवेअरवर लिहिणारे जेराल्ड वाइनबर्ग यांची व्याख्या सगळ्यात लहान: क्वालिटी म्हणजे कुणातरी माणसाच्या लेखी असलेलं मोल. मी या तिसऱ्या व्याख्येच्या बाजूचा आहे, कारण ती स्वीकारली की 'कुणाच्या लेखी?' हे विचारल्यावाचून पुढे जाताच येत नाही. आणि टेस्टरचं निम्मं काम त्या एका प्रश्नात आहे.

एक साधं उदाहरण अगदी जवळून बघू. फॉर्मवर नावाचा रकाना आहे आणि रिक्वायरमेंटमध्ये (काय हवं ते लिहून दिलेल्या कागदात) एकच ओळ: 'नाव जास्तीत जास्त ५० अक्षरं'. टेस्टर इंग्रजीत ४९, ५० आणि ५१ अक्षरं टाकून बघतो. ४९ आणि ५० चालतात, ५१ ला एरर येते. तिन्ही केस पास. आता त्याच रकान्यात 'ज्ञानेश्वर विठ्ठल कुलकर्णी' लिहा. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही अक्षरं ११: ज्ञा, ने, श्व, र; वि, ठ्ठ, ल; कु, ल, क, र्णी. युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्या लिहिण्याच्या मानकाच्या, हिशोबात हलन्त, काना, वेलांटी सगळी सुटी मोजली जातात, म्हणून दोन स्पेस धरून २६. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याच्या एका पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, म्हणजे साठवणुकीची ३ घरं, घेतं, म्हणजे २४ चिन्हांचे ७२ आणि स्पेसचे २, असे ७४ बाइट. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला ५० चा व्हारकार (मजकुराचा) कॉलम चिन्हं मोजतो, तिथे हे नाव आरामात बसतं. ऑरॅकल डेटाबेसमध्ये काही वेगळं सांगितलं नसेल तर ५० म्हणजे ५० बाइट. 'ज्ञानेश्वर विठ्ठल' पर्यंतच ४९ होतात, आडनावाला जागाच उरत नाही आणि सेव्ह करताना एरर येते. मधल्या एखाद्या प्रोग्रॅमने आधीच ५० बाइटांवर कात्री लावली असेल तर ते आणखी वाईट: एरर येत नाही, आडनाव मात्र गायब होतं.

क्रॉसबींच्या व्याख्येने बघितलं तर इथे चूक कुणाचीच नाही. ५० म्हटलं होतं, ५० दिलं. पण ज्याचं नाव अर्धवट छापलं गेलं त्याच्या लेखी हे सॉफ्टवेअर नापास आहे. म्हणून ती ओळ वाचल्याबरोबर विचारायचं: ५० काय? अक्षरं, चिन्हं की बाइट? हे डिझाइनच्या आधी विचारलं तर एका मेलमध्ये मिटतं. लाखो रेकॉर्ड भरल्यावर कॉलम मोठा करता येईलही, पण कापली गेलेली नावं परत येत नाहीत.

मराठीचा आणखी एक खास मुद्दा आहे, तो फार कमी टेस्ट प्लॅनमध्ये दिसतो. 'कऱ्हाड' मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, स्वतंत्र 'ऱ' आणि हलन्त (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की हा ऱ येतो). दोन, साधा र, हलन्त आणि पुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. त्यामुळे एका प्रकारे भरलेलं 'कऱ्हाड' किंवा 'नऱ्हे' दुसऱ्या प्रकारे शोधलं तर 'रेकॉर्ड सापडलं नाही' येतं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) लावून हे सुटत नाही, ते हे दोन प्रकार एक करत नाही. त्यातही कुणी डेटा साफ करताना अदृश्य चिन्हं सरसकट काढली, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या 'आचाऱ्याला' चं 'आचार्याला' होतं. स्वयंपाकी गेला आणि गुरुजी आले. उपाय असा: साठवतानाही आणि शोधतानाही र, हलन्त आणि जॉइनर हे त्रिकूट ओळखून त्याच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचं, बाकीच्या जॉइनरना हात लावायचा नाही. टेस्ट केस चार लागतात. दोन प्रकारांनी भरायचं, दोन प्रकारांनी शोधायचं, चारही वेळा सापडलं पाहिजे.

कधी 'कुणाच्या लेखी' या प्रश्नाला दोन उत्तरं येतात. बिलात ९९ रुपये ९९ पैशांच्या तीन वस्तू आहेत, जीएसटी १८ टक्के. प्रत्येक ओळीवर कर काढून पैशापर्यंत पूर्ण केला तर १८.०० रुपये, तिन्हींचे ५४.००. एकूण २९९.९७ वर एकदाच काढला तर ५३.९९. गिऱ्हाईकाला एका पैशाचं काही वाटत नाही. महिनाअखेरीला हजारो बिलांची जुळवणी करणाऱ्या अकाउंटंटला वाटतं, कारण फरक कुठून आला हे त्यालाच शोधत बसावं लागतं. कोणती पद्धत धरायची ते टेस्टरने ठरवायचं नाही, पण बिलं छापायला लागण्याआधी ते कुणीतरी ठरवेल हे मात्र त्याने बघायचं.

आणि 'आधी चालत होतं' ही तर क्वालिटीची खूण मुळीच नव्हे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि सुमारे ४० सेकंदांत ते नष्ट झालं. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन-४ मधून आणलेलं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवली जायची, जिथे ३२,७६७ च्या वर जागा नाही. एरियन-४ च्या मार्गावर ती संख्या तेवढी वाढत नव्हती. एरियन-५ चा मार्ग वेगळा होता, ती वाढली. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. कोड तोच राहिला, वापर बदलला, आणि नव्या मार्गाचे आकडे घालून तो तपासलेला नव्हता.

आता 'अ‍ॅप फास्ट हवं' या मागणीबद्दल. सरासरीवर विसंबू नका. १०० पैकी ९० विनंत्या (वापरणाऱ्याने अ‍ॅपकडे काही मागणं) ०.४ सेकंदात आणि १० विनंत्या ६ सेकंदांत झाल्या तर सरासरी ०.९६ येते, 'एका सेकंदाच्या आत' म्हणून रिपोर्ट हिरवा होतो आणि दर दहावा माणूस ताटकळत बसतो. लिहायचं ते असं: एकाच वेळी ५०० वापरकर्ते असताना १०० पैकी ९५ विनंत्या २ सेकंदांच्या आत. हे तपासता येतं, त्यावर भांडताही येतं.

काय काय विचारायचं याची यादी हवी असेल तर आयएसओ/आयईसी २५०१० हे मानक आहे. २०११ च्या आवृत्तीत ८ गुणधर्म होते, २०२३ मध्ये सेफ्टी (कुणाला इजा होऊ नये ही सुरक्षितता) धरून ९ झाले. काही राहून जाऊ नये यासाठी ते चांगलं, पण नऊच्या नऊ गुणधर्मांना सारखं वजन देऊ नका. तुमच्या वापरणाऱ्याला त्यातले कोणते तीन लागतात, ते मानकात लिहिलेलं नसतं.

राहिला रिलीजचा, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायला सोडतानाचा, रिपोर्ट. 'सर्व केस पास' एवढंच लिहून पाठवू नका. तीन ओळी लिहा. काय तपासलं: जोडाक्षरांची मराठी नावं, दोन्ही प्रकारचा ऱ, एकाच वेळी ५०० वापरकर्ते. काय मोडकं आहे आणि ते कुणाला भोवेल: करात एका पैशाचा फरक, अकाउंटंटला. काय तपासलंच नाही: कन्नड नावं, ५०० च्या पुढचा भार, जुन्या डेटातला शोध. सोडायचं की थांबायचं हा निर्णय प्रॉडक्ट ओनरचा (सॉफ्टवेअरमध्ये काय असावं ते ठरवणाऱ्याचा), पण तिसरी ओळ वाचल्याचं त्यांच्याकडून मेलवर घ्या.