उजवी बाजू

घोड्यांचे आणि त्यांच्या मालकांचे फोटो काढायला लागून मला आता नऊ वर्षं झाली. सुरुवात महालक्ष्मीला झाली. तिथलं रेसकोर्स 1883चं. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा सीझन असतो, मग पावसाळी शर्यतींसाठी घोडे पुण्याला जातात. माझंही वर्ष त्याच हिशेबाने चालतं. तिथले घोडे उंच, तुकतुकीत, खरारा केलेले असतात. मालक पहाटे यायचे, मोतद्दार घोडा धरून उभा राहायचा, अर्ध्या तासात काम आटोपायचं. मालकापेक्षा मोतद्दाराशी घोड्याची जास्त ओळख असायची आणि ते फोटोत दिसायचंही. मला ते खटकायचं, पण पैसे फोटोचे मिळत होते, खटकण्याचे नाहीत.

जानेवारीतला तो दिवस मात्र मढच्या रस्त्यावरच्या एका तबेल्यातल्या घोडीचा. तिच्या मालकाच्या मुलीने फोन केला होता. बाबांना साठ पूर्ण होतायत, त्यांचा आणि मैनाचा एक मोठा फोटो फ्रेम करून द्यायचाय. मैना एकोणीस वर्षांची, वरातीची घोडी. तिच्या आजोबांची व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी होती, नरिमन पॉइंटला उभी राहायची. मुंबईतल्या व्हिक्टोरिया बेकायदेशीर ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल 2015 साली आला, पण त्याच्या कितीतरी आधीच तिच्या बाबांनी, मी त्यांना काका म्हणते, गाडी विकून लग्नाच्या घोड्या ठेवल्या होत्या. आजोबांचा घोड्यासोबतचा एकच फोटो घरात आहे आणि त्यात घोड्याचं कपाळापासून वरचं डोकं कापलं गेलंय. ‘तसं आमचं नको व्हायला,’ ती म्हणाली. आणि थोडं थांबून, ‘एक सांगायचं राहिलं. मैनाच्या उजव्या डोळ्यात फूल पडलंय. फोटोत तो डोळा नीट करता येईल ना?’

येईल, म्हटलं. डाव्या डोळ्याचा फोटो उलटा करून बसवायचा, फार काम नसतं. मी त्याचे वेगळे पैसेही सांगितले.

आम्ही साडेचारला किनाऱ्यावर पोचलो. पोलीस ठाण्यात आधी कळवून ठेवलं होतं, ओहोटी होती, आणि त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या पुढेमागे बुडतो. म्हणजे माझ्या कामाचा उजेड जेमतेम पाऊण तास. काका मैनाला घेऊन आले ते सगळा साज चढवूनच. जरीची झूल, गोंडे, डोक्यावर कलगी. मी साज काढायला सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ‘ताई, बिनसाजाची घोडी म्हणजे बिनफेट्याचा नवरदेव.’ पण झुलीखाली घोडीची मान, खांदा, पाठीची रेघ काहीच दिसत नाही, आणि फोटो झुलीचा होतो. माझं हे मत आजही कायम आहे. शेवटी फक्त म्होरकी आणि दोर एवढ्यावर त्यांनी मान्य केलं.

साज उतरला आणि मी बघत राहिले. मैना नुकरी, म्हणजे कातडीसकट गोरी. नाकपुड्यांभोवती गुलाबी. एरवी जे घोडे आपण पांढरे म्हणतो ते बहुतेक काळपट रंगात जन्मतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात, त्यांची कातडी काळीच राहते. नुकरा जन्मापासून असा. लग्नात त्याला मागणी असते ती त्यामुळेच. फोटोला मात्र अवघड. कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करून टाकतो म्हणून उजेड थोडा वाढवून घ्यावा लागतो, आणि जरा जास्त वाढवला की केसांचा पोत जातो, पाठ नुसती चुन्याने सारवल्यासारखी दिसते. लेन्स मी लांबची लावते, दीडशे मिलिमीटरच्या आसपास. जवळून रुंद लेन्सने घेतलं तर घोड्याचं नाक पुढे येतं आणि अंग बाहुलीएवढं होतं. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत जवळजवळ दोन फुटांचं अंतर असतं, त्यामुळे अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्रही फार उघडून चालत नाही. नाहीतर डोळा स्पष्ट आणि नाक धूसर. मी साडेपाच-सहाच्या दरम्यान ठेवते.

मी मांडणी नेहमीसारखी केली. मैनाची डावी बाजू माझ्याकडे, कारण डोळा तिकडचा चांगला. काका तिच्या डाव्या खांद्याशी. घोडा धरायची, त्यावर चढायची बाजू डावीच. कमरेला तलवार डावीकडे लटकत असे, म्हणून चढणं डावीकडून, असं म्हणतात. मदतनीस मुलगा उजेड परतवणारा घडीचा रिफ्लेक्टर घेऊन तिच्या पलीकडे, म्हणजे उजवीकडे.

काका अवघडल्यासारखे उभे होते. सारखे मागे वळत होते, एक पाऊल उजवीकडे सरकत होते. आणि बोलत होते. मैनाशी. सलग, हळू आवाजात, एकसुरी. प्रत्येक फोटोत त्यांचं तोंड अर्धं उघडं. पंधरा-वीस फोटो तसेच गेल्यावर मुलगी म्हणाली, ‘बाबा, तोंड मिटा ना.’ मीही म्हटलं, ‘काका, दोन मिनिटं अगदी गप्प राहा.’

ते गप्प झाले. मैनाचे कान आधी मागे गेले, मग दोन्ही दोन दिशांना फिरू लागले. हे मी पाहिलं. नऊ वर्षं घोड्यांचे कान वाचून पैसे कमावतेय, आणि तरी मला वाटलं की वाऱ्यामुळे असेल. मी खिशातली प्लास्टिकची पिशवी चुरगाळली, कान पुढे यावेत म्हणून. त्याच वेळी मदतनिसाने रिफ्लेक्टर उघडला. पाच फुटांचा चंदेरी गोल, फट्‌ असा आवाज करत उघडतो, आणि समुद्राचा वारा त्यात भरला.

मैना डावीकडे उसळली, सरळ काकांच्या अंगावर. ते पडले नाहीत, दोर त्यांनी सोडला नाही, पण तो हातातून घसरत गेला. तिने दोनदा गिरकी घेतली, वाळू उडाली, मुलगी ओरडली. आणि काका पुन्हा बोलायला लागले. तोच आवाज, तोच सूर, जराही वर न चढवता. बोलत बोलत ते तिच्या पुढून फिरून उजव्या बाजूला गेले आणि तिच्या मानेला टेकून उभे राहिले. ती फुरफुरली आणि थांबली.

त्यांच्या तळहातावर दोराचा लाल पट्टा उठला होता. मी माफी मागितली. ते चिडले नव्हते. म्हणाले, ‘ताई, मला बोलू द्या. मी गप्प झालो की तिला वाटतं मी गेलो.’

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं तेवढं सोडून. हे मी प्रत्येक नव्या मदतनिसाला पहिल्या दिवशी सांगते. एक डोळा गेला की ते अर्धं जग जातं, एवढं साधं गणित मी त्या दिवशी केलं नव्हतं. तिचा आंधळा डोळा मी फक्त फोटोतला दोष म्हणून धरला होता. वारंवार आतून सूज येऊन तो गेला, सहा वर्षांपूर्वी. घोड्यांमध्ये आंधळेपणाचं हे सर्वांत मोठं कारण. तेव्हापासून काका तिच्या उजवीकडून चालतात. वरातीचं काम त्यांनी तेव्हाच बंद केलं. बँड, फटाके, एका बाजूने न दिसणारी गर्दी, हे तिच्याकडून करून घ्यायचं नाही म्हणून. उरलेल्या दोन घोड्या कमावतात आणि ही खाते, असं ते सरळ सांगतात.

उजेड वीसेक मिनिटांचा राहिला होता. मी रिफ्लेक्टर गाडीत ठेवायला लावला आणि स्वतः फिरून दुसऱ्या बाजूला गेले. मैनाचं तोंड समुद्राकडे, उजवी बाजू माझ्याकडे, काका तिच्या त्या खांद्याशी. अवघडलेपण कुठच्या कुठे गेलं. त्यांचा हात आपोआप तिच्या आयाळीखाली गेला. उतरतं ऊन तिच्या डोळ्यावर पडलं तेव्हा तो पांढरा नव्हता. निळसर, दुधी, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा. काका बोलत होते आणि मी काहीही न सुचवता काढत राहिले. एकूण एकशे बारा फोटो, प्रत्येकात त्यांचं तोंड उघडं.

त्यातला एक निवडला. त्यात मैनाचा डावा कान पुढे, समुद्राच्या आवाजाकडे आहे, आणि उजवा कान पूर्ण वळून काकांच्या तोंडाशी. आमच्या धंद्यात असा फोटो बाद करतात, कान दोन्ही पुढे लागतात. मी मुलीला स्क्रीनवर तो दाखवला आणि डोळ्याचं काय करायचं ते विचारलं. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘राहू दे. दोन्ही राहू दे. डोळा पण आणि तोंड पण.’

फ्रेम पोचवायला मी स्वतः तबेल्यात गेले. चंदीची वेळ होती, मैनाच्या तोंडाला तोबरा लावलेला. काका आत शिरताना लांबूनच बोलायला लागले होते, ते मला आता ऐकू आलं. फोटो बघून त्यांनी आधी तिचं डोकं पूर्ण आलंय का ते तपासलं. आलं होतं, कानांच्या टोकांसकट. मग मी विचारलं, या फोटोच्या वेळी तुम्ही तिला काय सांगत होतात?

ते लाजले. ‘काय सांगणार ताई. हरभऱ्याचा भाव सांगत होतो.’